निळी बादली

सुकाणू तुटलं तेव्हा आवाज झाला नाही.
हातातला दांडा एकदम हलका झाला, एवढंच.
दाराची मूठ निखळून हातात यावी
आणि दार जिथल्या तिथं, तसं.

मिडल ग्राउंड मागे पडलेलं, तीन वाजून गेलेले,
खारा वारा चांगला भरलेला,
दिनशा पुढे बसून चिकू सोलत होता.

सोळा फुटांची आमची टिटवी.
कुणी धरलं नाही की ती वाऱ्याकडे तोंड करते,
शीड फडफडवते, थबकते,
मग उलटी सरकायला लागते.
मागे ओणवा होऊन पाहिलं :
सुकाणूची फळी वरच्या एकाच बिजागरीला लोंबकळत
पाठफळीवर डोकं आपटतेय.
खालच्या खिळ्याची पिन गेलेली.

इथं खोटं बोलता येणार नाही.
गोदीत बत्तीस वर्षं फिटर होतो मी.
लोकांच्या जहाजांचे बोल्ट हातोडीने वाजवून पाहिले,
चहा पिता पिता त्यांच्या चुका मोजल्या.
आणि मागच्या रविवारी गंजलेली स्प्लिट पिन काढून
त्या भोकात घातली होती
विजयाच्या केसातली आकडापिन, वाकवून.
उद्या बदलू म्हटलं.
विसरलो असं सगळ्यांना सांगितलं नंतर,
पण विसरलो नव्हतो.
रोज आठवायचं, रोज जेवून झोपायचो.

'अरे, सू थयु?' दिनशा.
तेवढ्यात टँकरचा भोंगा. पाच वेळा, तुटक.
पाच म्हणजे : तुझं काय चाललंय ते मला कळत नाही.
मलाही कळत नव्हतं.

मग कुठून तरी जोमा नाखवा आठवला.
माझगावच्या धक्क्यावर जाळं शिवता शिवता म्हणायचा,
'पयलं शीड उतरव.
वाऱ्याशी भांडाया दोघं लागतात. तू नको होऊस दुसरा.'

मोठं शीड खाली. पुढचं छोटं राहू दिलं.
फळीला दोरी घालून ती आत ओढली,
नाहीतर तिनंच बोटीला भोक पाडलं असतं.
वल्हं?
वल्हं घरी. बाहेरच्या खोलीत.
त्याच्यावर पडदा लावलाय आम्ही.

उरली पाणी उपसायची निळी बादली.
कडीला दोन दोऱ्या बांधून मागे सोडली.
डाव्या अंगाने ओढली की नाक डावीकडे,
उजव्या अंगाने ओढली की उजवीकडे.
लगेच नाही.
बादली आधी पाणी पिते, मग विचार करते,
मग कुठं बोट मान वळवते.
दिनशाचे तळवे सोलवटले.
'जमणा, जमणा!' मी ओरडतोय त्याच्या भाषेत,
तो 'उजवा सांग ना!' म्हणतोय माझ्या.

टँकर गेला. इमारत सरकावी तसा.
वर रेलिंगशी एक माणूस, हातात मग,
आमच्याकडे बघत राहिला.

ओहोटी आम्हाला बाहेर खेचत होती,
संक रॉकचा दिवा जवळ येत चाललेला.
वाटेच्या कडेला, उथळात, नांगर टाकला.
दोर पाचपट सोडला. धरला त्यानं.
आणि मग काहीच करायचं नव्हतं.
उरलेले चिकू खाल्ले, बिया पाण्यात.

पाणी पडून राहिलं, भरतीच्या आधी राहतं तसं,
तेव्हा मी मागच्या बाजूने अर्धा बाहेर लोंबलो,
दिनशानं घोटे धरले.
फळी बसवली, खिळा भोकात.
'पिन?'
त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला.
दवाखान्याची किल्ली, घराची, बँकेच्या लॉकरची
एकेक करून चिकूच्या पिशवीत टाकली
आणि रिकामी रिंग माझ्या हातावर ठेवली.

भरतीबरोबर आत आलो. बादली पायाशी, कोरडी होत.

आता माझ्या प्रत्येक शर्टाच्या खिशात स्प्लिट पिना असतात.
वॉशिंग मशीनमध्ये वाजतात.
विजया मशीन थांबवते, दोन बोटांनी त्या वेचून
खिडकीत ओळीनं मांडते.
पडद्याला आता ॲल्युमिनियमचा दांडा आहे.
आकडापिनेचं अजून सांगितलेलं नाही.